चार सेकंद उभं राहा

४ ऑगस्ट, रविवार

फोटो वाया गेला. ह्यांच्यामुळे!

सगळं कसं जमून आलं होतं. ऊन नाही, गर्दी नाही, धबधबा भरून वाहतोय. लेन्सपुढे काळी काच लावली, शटर चार सेकंद उघडं. तेवढ्या वेळात जे हलतं ते पुसट होतं – म्हणून तर पाणी रेशमासारखं येतं – आणि जे हलत नाही ते लख्ख. ह्यांचं काम एवढंच की खडकावर उभं राहायचं. खडकाला जमलं. ह्यांना नाही.

“हात हलवलात!”

“नाही हलवला.”

“मग कॅमेरा खोटं बोलतो का?”

हे खडकावरून उतरून आले.

६ ऑगस्ट

फोटोग्राफी क्लबच्या अध्यक्षांना फोटो दाखवले. पेशाने दंतवैद्य – समोरच्याने तोंड उघडलं तरी बोलतात हेच. फोटोत माणूस हवाच म्हणाले, नाहीतर धबधब्याची उंची कळत नाही. पण स्थिर माणूस हवा. “नवरा बदलून बघा,” म्हणाले आणि स्वतःच हसले.

सूचना अगदीच वाईट नाही.

११ ऑगस्ट, रविवार

पुन्हा तेच! ह्या वेळी आधीच तंबी दिली होती – पुतळा व्हा. झाले. श्वाससुद्धा रोखला म्हणे. सहा फोटो काढले, सहाही वेळा हात पुसट. टीव्हीसमोर तासन्तास जागचा हलत नाही हा माणूस. तिथे मात्र चार सेकंद जड!

बोलले मी. जरा जास्तच बोलले. “माझा छंद खुपत असेल तर तसं सरळ सांगा.”

“नाही गं. मला आवडतं इथं.”

मग लांबच्या खडकावर जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. तिथे मात्र छान निश्चल! पाठीचा फोटो कोण घेणार?

१४ ऑगस्ट

मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानात आज हे हजर. गिऱ्हाइकासारखे काउंटरसमोर उभे. “नंबर वाढलाय बहुतेक.” घड्याळाचे बारीक स्क्रू चिमट्यातून निसटतात म्हणे. स्वतःच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात सकाळभर टेबलाखाली रांगत होते, एका स्क्रूपायी. खुर्चीत बसवलं, तक्ता वाचायला लावला. शेवटची ओळ घडाघडा वाचली! नंबर तसूभर वाढलेला नाही.

“डोळे ठणठणीत आहेत. तुम्हाला कामाचा कंटाळा आलाय.”

मालकीणबाई हसल्या. हेही हसले, जरा उशिरानं.

१८ ऑगस्ट, रविवार

गेलो नाही. ह्यांचा गुडघा दुखतोय. काल जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होता तो कोणाचा गुडघा होता?

२५ ऑगस्ट

क्लबच्या प्रदर्शनासाठी फोटो द्यायचा आजचा शेवटचा दिवस. धड काही नव्हतंच. गेल्या वेळच्या सहांतला त्यातल्या त्यात बरा दिला. आपली शोभा आपणच करून घ्यायची, दुसरं काय.

७ सप्टेंबर, शनिवार

पहिलं बक्षीस! मला!!

दाराएवढा मोठा करून टांगला होता. अध्यक्ष त्याच्यासमोर उभे राहून बोलत सुटले. “बघा, माणूस कसा निश्चल! कपाळावरच्या आठ्या मोजून घ्या. आणि एक हात तेवढा पाण्यासारखा वाहतोय! काय योजना आहे!” टाळ्या. कोणीतरी विचारलं, हे सुचलं कसं? मी काय सांगणार? “बरेच दिवस डोक्यात होतं,” म्हटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

हे शेवटच्या रांगेत. टाळ्या वाजवल्या नाहीत. रुसले असतील. भाषणात नाव घ्यायला हवं होतं.

८ सप्टेंबर

फ्रेम हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलीय. सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर बसले – स्वतःचंच कौतुक बघायला.

अध्यक्षांचं बरोबर आहे. चेहरा लख्ख. शर्टाची बटणं लख्ख. उजवा हात लख्ख. चुळबुळ करणाऱ्याचा खांदा हलेल, बाही हलेल. इथे बाहीची शिवणसुद्धा दिसतेय. डाव्या मनगटाच्या खाली मात्र नुसतं धुकं.

कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला. जुने सगळे फोटो उघडले. प्रत्येक ठिकाणी डावा हात पुसट. एप्रिलमध्ये पुलावर काढलेला, संध्याकाळचा – त्यातही डावाच.

हे पेपर वाचत होते.

“अहो, पेपर ठेवा जरा. हात मांडीवर ठेवा. काही करू नका.”

माझ्याकडे बघितलं. फ्रेमकडे बघितलं. पेपर नीट घडी घालून ठेवला.

डाव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत होता. गोळी वळावी तसा.

“कधीपासून?”

“हिवाळ्यापासून.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“सांगून काय? दुकान बंद करा म्हणाली असतीस.”

म्हणाले असते. हात धरला. धरला की थांबतो. सोडला की पुन्हा सुरू. बराच वेळ धरून बसले. चहा तसाच राहिला.

१७ सप्टेंबर

डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, आजाराचं नाव सांगितलं. बरा होत नाही, गोळ्यांनी आवरतो.

खाली आलो. ह्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली – जी मला कधी, मागूनसुद्धा, दिली नाही – आणि माझ्या हातात ठेवली. मग गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.