मुख्याचे पान शेवटी

अमरावती, माघ वद्य दशमी, शके १७८५

तीर्थस्वरूप नत्थुजीमामा, मुक्काम अकोला, यांचे चरणी भाचा शालिकराम याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. आपल्या गुडघ्याचे दुखणे कमी असेल, मामींचा राग उतरला असेल आणि आपली भूक पूर्वीसारखीच असेल अशी आशा आहे. (शेवटच्या गोष्टीची चौकशी उगाच केलेली नाही.)

मामा, आमच्या मठाने यंदाही कापसाच्या गाडीवानांसाठी अकरा दिवसांचे अन्नछत्र घातले. सेवेकऱ्यांचा मुख्य म्हणून महंतांनी माझे नाव घेतले, आणि मी मागचापुढचा विचार न करता बेलभंडार उचलून मोकळा झालो. गेल्या सालच्या मुख्याचे पोट मी पाहिले होते. मुख्य म्हणजे पहिले पान, असा माझा हिशेब. शपथ झाल्यावर पार्वताबाईने (ही मठाची स्वयंपाकीण, महंतही तिला भितात) जाता जाता सांगितले, "मुख्याचं पान सर्व्यात शेवटी. गाडीवान जेवतीन, मंग सेवेकरी, मंग तुमी." आता शपथ मोडावी तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, आणि पाळावी तर आपल्या घराण्याची भूक आपण जाणताच.

त्यात सेवेकरी कोण, तर यंदाचे कापूसवाले! तिकडे अमेरिकेत लढाई काय जुंपली, इकडे आपल्या कापसाचे भाव चढले आणि ज्याच्या त्याच्या मनगटात सोन्याचे कडे आले. शेषरावाने तर गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकल्या आहेत. चाळीस सेवेकऱ्यांपैकी एकोणचाळीस हुकूम सोडत होते, आणि चाळिसावा मी, मुख्य असल्यामुळे त्या सर्वांना हुकूम सोडत होतो. वरणाची बादली कोणी उचलीना. पाणी वाढा म्हटले तर शेषराव म्हणे, "कडं घासते न बापा!" पहिल्या दिवशी माझे पान मांडले तेव्हा दिवस मावळला होता, आणि पानावर दीड रोडगा होता.

दुसऱ्या दिवशी वांग्याच्या भाजीचा वास आला आणि माझा धीर सुटला. धोतर खोचले, पागोटे खुंटीला टांगले, बादली घेतली आणि पंगतीत धावलो. वाढले, पाणी दिले, उष्ट्या पत्रावळीही उचलल्या. मनात एकच गोष्ट होती : हे लवकर उठतील तर मी लवकर बसेन. पण मला पत्रावळी उचलताना पाहून शेषराव वरमला. त्याने कडे काढून पार्वताबाईच्या हळदीच्या डब्यात ठेवले आणि खराटा घेतला. मग एकेक करून सगळ्यांचीच कडी डब्यात गेली. चौथ्या दिवसापासून सगळे दुपारीच आटपू लागले. महंतांनी भर सभेत माझ्या नम्रतेची तारीफ केली. मी मान खाली घातली. (रोडगे भाजत होते त्या बाजूला पाहत होतो.)

पण अकराव्या दिवशी घात झाला. गाडीवान जेवून उठले आणि सेवेकरी हात जोडून उभे राहिले. शेषराव म्हणाला, "तुमी जेवल्याबिगर आमी घास घेत नाई." मी म्हटले, रीत आहे, आधी तुम्ही. ते म्हणाले, आधी तुम्ही. मामा, माणसाला इतका मान मिळू नये! चाळीस उपाशी माणसे आणि निवत चाललेले रोडगे. अखेर पार्वताबाई उलथने घेऊन आली. "कावून उभे हा? सारे एका वळीत बसा, मी म्हणीन तवा सारेच संगं घास घ्या. नाई त हे रोडगे बैलायले घालतो!"

तिने "घ्या" म्हटले आणि चाळीस हात एकदम तोंडाकडे गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. (भाजी तिखट होती, पण तेवढेच कारण नव्हते.) असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. लग्नात तर पहिले पान माझे होते.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला भाचा
शालिकराम

ताजा कलम : उतरत्या मुख्याने पुढच्या सालचा मुख्य आपल्या नात्यातला सुचवावा, अशीही एक नवी रीत यंदा निघाली. मी आपले नाव सुचवले. आपण दूर असल्यामुळे आपल्या वतीने बेलभंडारही मीच उचलला आहे. महंत फार खूश आहेत.

आणखी एक : येताना घरून पोटभर जेवून निघावे.