कपावरचा लाल ठिपका

शहापूर, १२ जानेवारी २००१

मंगळवारी, ९ तारखेला, सकाळी सव्वाअकरा वाजता. मुरबाडच्या दंत शिबिरात त्या पोरसवदा डॉक्टरने माझ्या हिरड्यांवरून कापूस फिरवला, सूक्ष्मदर्शकात पाहिले आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असे म्हणाला, "बाई, जंतू वळवळतायत तुमच्या तोंडात."

शेजारी सून उभी. घरी येताच तिने माझ्या कपाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. "राग नका मानू, आई. बाळ लहान हाय."

वेगळा कप. माझ्या आईला तो लोकांच्या ओट्यावर मिळायचा. बुद्धाच्या तसबिरीखाली, माझ्याच घरात, तो मला मिळाला. चहा तसाच ठेवून उठले.

आज सुनेला घेऊन कल्याणच्या दंतवैद्यांकडे गेले. ते हसलेच. "हिरड्या ठणठणीत आहेत. निरोगी हिरड्यांभोवतीही जंतूंची वस्ती असतेच. सूनबाईंच्याही आहे."

सून गोरीमोरी झाली. घरी येऊन तिने तो ठिपका नखाने खरवडला, त्याच कपात चहा ओतला आणि पहिला घोट स्वतः घेतला. हुश्श. किती हलके वाटले, काय सांगू.

त्या डॉक्टरला मात्र उद्याच पत्र टाकते: स्वतःच्या हिरड्यांवरून कापूस फिरवा आणि काय दिसले ते १९ जानेवारीला संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवा.