तीनशे पितळी बॅटऱ्या

मुरुम, ३ मार्च १९८६, सोमवार

आमच्या अवजारं बनवणाऱ्या सहकारी संस्थेला काम मिळणार! तेरखेड्याच्या एका फटाके कारखान्याला खिशात मावतील अशा तीनशे बॅटऱ्या हव्यात. दारू ठेवलेल्या खोलीत कंदील नेता येत नाही, म्हणून. अट अशी — दगडावर पडली तरी ठिणगी उडायला नको आणि दारू लागलेल्या हातांनी बाहेरची नळी खराब व्हायला नको. वीस तारखेला नमुना घेऊन जायचं.

चेअरमन हणमंतप्पा म्हणाले, "गुलाब, पुण्यात आठ वर्षं मुलाम्याच्या कारखान्यात काढलीस. काय शिकलास ते दाखव आता."

दुष्काळामुळं यंदा अवजारं कुणी घेत नाही. लेथवर गोणपाट टाकून ठेवलंय. अकरा सभासद, अन् हे एकच काम. बरोब्बर माझ्या हातातलं काम!

५ मार्च

बलभीम आमचा टर्नर. त्यानं तीन नळ्या करून दिल्या — लोखंडी पत्रा, अॅल्युमिनियम, पितळ. भर दुपारी शेडची दारं लावून अंधार केला आणि एकेक आपटली.

पत्रा — पहिल्याच दणक्याला ठिणगी. बाद.

अॅल्युमिनियमचं काहीच झालं नाही. मी तर खूश झालो होतो. बलभीम म्हणाला, "थांब," आणि गंजक्या लोखंडावर जोरात घासून मारलं. भक्कन उजेड! दोघंही मागं सरलो.

पितळ कशावरही मारलं तरी गप्प.

हणमंतप्पा कुरकुरले, "पितळ काळं पडतं. गंधक लागला की चार दिवसांत तव्यावानी."

"वर निकेल चढवू," मी म्हणालो. म्हणताना छाती फुगली होती, कबूल.

८ मार्च

निकेल चढलं! नळीत माझी मिशी दिसली.

घरी पुतळाला दाखवली. बायको कधी कशाचं कौतुक करत नाही, पण बराच वेळ बोटांत फिरवत राहिली. "आरशावानी हाय," म्हणाली. हणमंतप्पा मुलाम्याचा मोठा हौद बांधून देणार आहेत. त्या खात्याचा मुख्य मी! आनंदात जेवण सुधरलं नाही.

११ मार्च

आठ नळ्या केल्या. तेजाबातून काढली की धुवायची, निकेलमधून काढली की परत धुवायची. चार घागरी पाणी गेलं.

चौथी घागर ओतत होतो तेव्हा पुतळा भाकरी घेऊन आली. टँकर तीन दिवसांआड येतो, आमच्या वस्तीत तर सगळ्यांत शेवटी. रांगेत तीच उभी असते. ती रागावली नाही. एवढंच विचारलं, "अवं, तीनशेला किती लागंल?"

मी मनात हिशेब केला. दीडशे घागरी. आणि वापरलेलं पाणी ढोरांनाही चालणार नाही.

१२ मार्च

काही केलं नाही. निकेलची बॅटरी खिशात घालून नुसता फिरलो.

१३ मार्च

हणमंतप्पांना सांगून टाकलं — पाणी नाही, मुलामा जमणार नाही. हौदही नको.

"मग पत्र्याला रंग मारू. ठिणगी काय रोज पडती व्हय?"

"एकदाच पडंल. तिथं बायका काम करतात, अप्पा."

त्यांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, "पितळच ठेव. वर काय लावायचं ते तू शोध. सात दिवस हायत."

१५ मार्च

सुताराकडून लाकडाला चमक द्यायची चपडी लाख आणली, स्पिरिटात विरघळवली. पितळेवर ब्रशनं लावली. ओघळ! पुसली, परत लावली. धुरकट डाग. अकरा वेळा पुसली. आठ वर्षं मी सगळं हौदात बुडवूनच केलेलं, ब्रश हातात कधी धरलाच नव्हता.

पुतळा दारात उभी राहून बघत होती. "द्या हिकडं."

तिनं एक नळी गुपचूप बाहेर पत्र्यावर ठेवली होती. उन्हानं अशी तापलेली की फडक्यात धरावी लागली. ब्रश वरून खाली एकदाच ओढला. परत फिरवला नाही. लाख काचेसारखी बसली!

"तुला कसं सुचलं?"

"गार नळीवर तुमची लाख बसंना. म्हणून म्हटलं, ऊन दाखवून बघावं."

एक थेंब पाणी नाही. आणि ऊन तर यंदा मागू तेवढं आहे!

१७ मार्च

तिनं आज चौदा केल्या. माझ्या तीन, त्यातली एक बाद.

२० मार्च, रात्रीची एस.टी. उशिरा, आत्ता पोचलो

तेरखेड्याला नमुना मालकानं पाहिला नाही, सारजाबाईंनी पाहिला. वाती बांधणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम. पन्नाशीच्या असतील. दंडावर भाजल्याची जुनी खूण.

निकेलची आणि लाखेची, दोन्ही पुढं ठेवल्या. त्यांनी दारूनं काळे झालेले हात दोन्हींना चोळले. रिकाम्या खोलीत नेऊन दार लावलं आणि फरशीवर अशा आपटल्या की माझाच जीव वर आला. अंधारच राहिला. मग उचलून बटण दाबलं. दोन्ही लागल्या.

निकेलची परत दिली. "देखणी हाय, पर घामाच्या हातातनं निसटती." लाखेची मुठीत धरून म्हणाल्या, "ही हातात बसती. ही करा. समद्या बायकांना एकेक पायजे."

मंजूर! तीनशे! माझं निकेल हरलं आणि मी हसतोय.

२२ मार्च

संस्थेची सभा. हणमंतप्पांनी विचारलं, लाखेच्या खात्याला मुख्य कोण नेमायचं? मी सदऱ्याची कॉलर सरळ केली. बलभीम उठून म्हणाला, "पुतळाबाईंना सभासद करून घ्या आणि त्यांनाच नेमा." अकरा हात वर झाले. अकरावा माझा, जरा उशिरा.

पुतळा शेडच्या दाराशी थांबली होती. घरी येताना म्हणाली, "सोमवारी शेडवर लवकर या. ऊन चढायच्या आत नळ्या पुसून ठेवायच्यात."

"व्हय, बाई," म्हणालो.