सहीच्या वरची रिकामी चौकट

प्रिय भिंगरी,

विभागप्रमुख बाईंना या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नसेल. मी मारते. अक्षरावरून ओळखलं असशीलच.

खुशाली आधी सांगते. आई बरी आहे, काठी टेकत गॅलरीत फिरते आणि शेजाऱ्यांच्या भांडणांत न्यायनिवाडा करते. मी अजून त्याच रुग्णालयात, त्याच नवजात विभागात. बाळ दूध पिऊन झोपलं की पंखा बंद करायचा, नळ घट्ट आवळायचा, कानात ती इवलीशी नळी बसवायची आणि त्याला ऐकू येतंय का ते बघायचं. काविळीसाठी दिव्याखाली ठेवलेली दोनशे बारा बाळं मी अशी तपासली होती. तुला शिंक आवरायची नाही, म्हणून मी तुला बाहेर नोंदी उतरवायला बसवायचे.

त्याच कामावर मला प्रवास-अनुदान मिळालं होतं. केवढंसं ते! जाण्यायेण्याचं तिकीट, चार दिवसांची राहायची सोय आणि परिषदेत एक पोस्टर लावायला जागा. पण नवख्या संशोधकाकडे कोणा मोठ्या माणसाचं लक्ष जातं ते तिथेच. निघायच्या आदल्या दिवशी आई जिन्यावरून पडली. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर मी बाकावर बसलेली असताना तू बदलाचा फॉर्म घेऊन आलीस. त्यात दोन चौकटी होत्या. एक, पोस्टर मांडणारी व्यक्ती बदलली. दुसरी, संशोधकच बदलला. मी दोन्ही रिकाम्या ठेवून सही केली, कारण बाकीचं तू बघतेस म्हणालीस. आणि तू केसाने गळा कापलास. खूण केलीस ती दुसऱ्या चौकटीत, आणि माझं काम तिथे स्वतःच्या नावाने मांडलंस. तिथल्या प्राध्यापकांनी तुला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला बोलावलं, आणि इकडे आपल्या मार्गदर्शक सरांना तू सांगितलंस की मुंगीला, म्हणजे मला, संशोधनात रसच उरला नाही. मी भांडायला गेले तर सरांनी माझीच सही माझ्यापुढे धरली. बारा वर्षं झाली, तो कागद मी विसरलेले नाही.

गेल्या वर्षापासून त्याच अनुदानाच्या निवड समितीवर मी आहे. परवा तुझ्या विद्यार्थिनीचा अर्ज आला. हुशार आहे गं पोरगी, आकडे किती स्वच्छ मांडलेत! सोबत तुझं शिफारसपत्र. या विषयाचा पाया तू घातलास म्हणे. तिला शून्य गुण द्यावेत असं मनात आलं. आलं ते चहाचा कप संपेपर्यंत राहिलं. पण माझा राग तिच्यावर नाही, तुझ्यावर आहे.

आमच्याकडे नियम आहे. ओळखीतला अर्ज असला की सदस्याने खोलीबाहेर जायचं आणि कारण लेखी द्यायचं. सगळे ‘जुना परिचय’ एवढंच खरडून मोकळे होतात. मी दोन पानं लिहिली. कार्यालयातून तो जुना फॉर्म मागवून जोडला, आणि माझ्या तपासणी-वहीच्या प्रतीही जोडल्या. पानापानावर तारीख आणि माझी सही. मग बाहेर जाऊन बसले. इतकं हलकं वाटलं की हसू आलं. सूड घेऊन काही मिळत नाही म्हणतात. मला मिळालं.

पोरीला अनुदान मंजूर झालंय, आणि तेही तुझं शिफारसपत्र समितीने बाजूला ठेवून. सदस्याने दिलेलं कारण अर्जदाराला कळवावं, हाही नियमच. मंजुरीच्या पत्रासोबत माझी दोन पानं तिला पुढच्या सोमवारी मिळतील. हे पत्र तुझ्या हातात त्याच्या आधीच, या बुधवारी पडेल. तू तिला आधी स्वतः सांगावंस म्हणून हे लिहीत नाहीये. ते तुझ्याच्याने व्हायचं नाही. लिहितेय ते एवढ्याचसाठी, की मधल्या दिवसांत ती तुला जितक्यांदा आदराने ‘मॅडम’ म्हणेल, त्यातली एकही हाक तुला गोड लागू नये.

तुझीच,
मुंगी