कंबरेचा पट्टा आणि आखाजीची घागर

माय, आज आखाजी, अक्षय्य तृतीया, पितरांना पाणी द्यायचा दिवस. तू गेलीस, तुला मुलगा नाही, म्हणून तुझ्या नावाची घागर पिंप्राळ्यात माझ्याच घरी. सगळे मातीची आणतात, मी मुद्दाम तुझी पितळी काढली, तू आंदणात दिलेली. सकाळपासून कोरडीच ठेवली होती. हे दोनदा विचारून गेले, "भरली नाही अजून?" मी म्हटलं, "बसू दे वाट बघत."

तुला आठवत नसेल, मला आठवतं. कापसाचं गाठोडं उचलताना कंबरेत उसण भरली ती गेलीच नाही, म्हणून धुळ्याच्या डॉक्टरांनी पट्टा दिला होता. तो बांधला की निदान बसता-उठता यायचं. आणि मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी तू तो ओढून काढलास. "लोके म्हनतीन, पोर मोडेल शे!" ज्वारीच्या कोठीत खुपसलास आणि बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "जाय, पाहुणासकरता ताजं पानी लई ये." साक्रीचं ते घर, गल्लीच्या टोकाला हापसा. हीच घागर कंबरेवर घेऊन मी पाहुण्यांसमोरून चालतेय, हसतेय, आणि डाव्या पायात टाचेपर्यंत आग उतरतेय. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "कामानी शे पोर." तुझा चेहरा काय फुलला होता गं!

लग्नानंतर महिन्याभरातच मी अंथरूण धरलं. "तुझ्या आईने फसवलं आम्हाला," सासूबाई येता-जाता ऐकवायच्या. लबाडी तुझी, बोलणी माझी. पट्टा मागायला माहेरी आले तर म्हणालीस, "मन मार, सवय होई जाई." मेली ती सवय! कंबर कायमची गेली माझी.

आता माझा स्वतःचा पट्टा आहे, रुंद, काळा. डॉक्टर म्हणतात, दिवसभर बांधू नका, स्नायू ऐदी होतात; कामापुरता बांधा आणि व्यायाम करा. मी ऐकते. फक्त तुझ्या माहेरच्यांच्या लग्नात मुद्दाम बांधून जाते, तोही साडीवरून, पैठणी असली तरी. कुणी विचारलंच, तर पाहुण्यांची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगते, तुझ्या बहिणींसमोर. त्या ताटात बघत जेवतात. मला जेवण गोड लागतं.

हे पत्र कुठे पाठवणार? पिठाच्या डब्याखाली ठेवून देईन. पण एक सांगते. दुपारी ऊन चढलं तसा माझाच घसा सुकायला लागला. मग भरली तुझी घागर, उभ्यानेच, तांब्या-तांब्याने. रीतीप्रमाणे वर खरबूज ठेवलं. अर्धीच भरली आहे, आणि रीतीसारखी खाली पाटावर मांडलेली नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावर आहे. तहान लागली तर तिथवर चढून ये. मी काही वाकणार नाही.