मांडूची पगारी सैर

सौ. मनोरमास,

ही चिठ्ठी बसच्या ड्रायव्हरजवळ देतो आहे. तो आज इंदूरला येऊन उद्या परत मांडूला येईल.

आम्ही मजेत आहोत. काल धारचं म्युझियम बघितलं, आज जहाज महल. दोन्ही वेळ पुरी-भाजी, खर्च सगळा मिलचा. तू बिलकुल फिकर करू नकोस. आईचा खोकला कसा आहे?

मिलमधून फक्त आमचं पहाऱ्याचं खातं आलंय, बाकी मिल चालू आहे म्हणतात. पण बाबांच्या तेराव्याला ज्या मालकांनी मला सुट्टी दिली नाही, ते आता पगारी सैर कशी काय करवतात? आमच्या खात्यातले पाठकजी म्हणाले, "भिया, फोकट में मिल रहा है, घूम लो." महालाच्या पायऱ्यांवर फोटोसाठी सगळे एकत्र बसले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. गेटवरचे तिन्ही पाळ्यांचे चौकीदार आमच्यातच होते. मग गेटवर कोण आहे?

मी कुणाशी बोललो नाही. तूही आईला सांगू नकोस.

ड्रायव्हरजवळ एवढंच लिहून दे. तू रोज मिलच्या भोंग्यावर चहा ठेवतेस. आज सकाळी भोंग्यावर ठेवलास, की घड्याळ बघून?

तुमच्याकडे डोळे लावून बसलेला,
दिगंबर