‘छप्पर’चा दुसरा अर्थ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देत नाहीत असं भाऊजींकडून कळलं. त्यांचा स्वतःचा खोकला कसा आहे हे मात्र ते कधी सांगत नाहीत, तेवढं तू बघ. मी ठीक आहे, उजवा खांदा सोडून. त्या खांद्याची हकीकत कळवावी म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत डोक्यावरच्या आच्छादनांचे शब्द माझ्या वाट्याला आले. छत, छत्र आणि छत्री ही एकाच घरची भावंडं (मूळ धातू ‘छद्’, म्हणजे झाकणे). छपराचं कूळ मात्र नक्की लागेना, त्यावर पंडितांचंच एकमत नाही. तरी मी नोंद केली, ‘छप्पर : घराचे वरचे आच्छादन’, आणि कार्ड पुढे सरकवलं. संपादकबाईंनी (त्या चष्म्यावरून बघायला लागल्या की मला माझ्याच अक्षराची लाज वाटते) विचारलं, “दुसरा अर्थ?” मी म्हणालो, नाही. वडीलधाऱ्याचा आधार या अर्थी ‘छत्र’ आहे, छप्पर नाही. “बाहेर कुणाला विचारलंत?” एकवीस वर्षं शब्दांची नोकरी करतोय, पण बाहेर जाऊन मी कुणाला काही विचारलं नव्हतं.

म्हणून बाजारात गेलो. तिथे दुकानांपुढची कापडी छतं शिवणाऱ्या एक मावशी आहेत. त्या भांड्यांच्या दुकानावरच्या सज्जात उभ्या राहून नवं कापड ताणून बांधत होत्या. मीही वर गेलो. कापडाच्या कडेला काय म्हणतात ते टिपून घ्यावं म्हणून कठड्यावरून वाकलो, तर आधी पेन्सिल गेली आणि पाठोपाठ मी. (कठडा कमरेच्या खालीच होता. दोष कठड्याला देतो आहे, लक्षात घे.) कापडाच्या मधोमध पडलो आणि झोळीत ठेवल्यासारखा लोंबकळत राहिलो. मावशी वरून शांतपणे म्हणाल्या, “हलू नका. शिवण माझी आहे, धरेल.”

दुकानदार शिडी आणायला गेला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी आडव्यानंच विचारलं, की घरातलं मोठं माणूस गेलं तर तुम्ही काय म्हणता? छत्र गेलं म्हणता ना?

“सासरे गेले तेव्हा आम्ही छप्पर गेलं म्हणालो,” त्या म्हणाल्या. “छत्र दुसऱ्या कुणीतरी धरायचं असतं. डोक्यावर छत्र धरायला सासऱ्यांकडे कोण होतं? ऊन-पाऊस सगळा त्यांनीच अंगावर घेतला. आम्ही खाली कोरडे.”

शिडी यायला बराच वेळ लागला. तोवर मी वर बघत पडून होतो. बाबांची टपालाची पिशवी आणि उन्हानं करपलेली त्यांची मान एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. खाली उतरल्यावर मावशींनी विचारलं, फार लागलं का? मी खांदा म्हणालो.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. : खांद्याचं नुसतं निमित्त. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या शोकसभेत तू उभी राहून म्हणालीस, “आमचं छप्पर गेलं,” आणि मी पहिल्या रांगेतून मोठ्यानं दुरुस्ती केली, “छत्र.” दोन-चार माणसं हसली. तू बोलणं अर्धवट टाकून खाली बसलीस, आणि तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाहीस. शब्द तुझाच बरोबर होता. तो चुकीचा असता तरी त्या वेळी मी तोंड उघडायला नको होतं. तुझं ते वाक्य दुसऱ्या अर्थाखाली उदाहरण म्हणून घालायचं आहे. तुझी परवानगी हवी.

ता. क. २ : संपादकबाई थांबल्या नाहीत, पान तुझ्या वाक्यासकट कालच छापखान्यात गेलं. तेव्हा परवानगीचं राहू दे. रविवारी सकाळी मी येतोय, तेवढं दार उघड.